शेवटच्या आठ मात्रा

"तृप्त मनानी" हे दोन शब्द तिनं त्या दिवशी एकशे बेचाळिसाव्यांदा वाचले आणि लाल पेन खाली ठेवलं. त्या दोन शब्दांची तिला शिसारी आली होती. सकाळपासून चहाखेरीज काही गेलं नव्हतं, त्यामुळे बाहेर पडण्यासारखंही काही नव्हतं. पण शिसारी यायला पोट भरलेलं लागतंच असं नाही.

समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि प्रत्येकीत तोच प्रश्न. कवितेच्या शेवटच्या दोन ओळींच्या मात्रा मोजून वृत्त ओळखा, आणि पाणी तृप्त का आहे ते लिहा. गुण चार. सगळ्यांचं उत्तर एकच होतं. खडतर प्रवासानंतर पाण्याला समाधान लाभते, माणसाच्या जीवनाचेही तसेच आहे. स्वल्पविरामसुद्धा एकाच जागी चुकलेला, कारण तो मार्गदर्शकातच चुकलेला होता. एकीनं मात्र लिहिलं होतं की पाणी निवृत्त झाल्यामुळे तृप्त आहे. त्यातल्या त्यात तिनं थोडं तरी डोकं चालवलं होतं.

कविता ओढ्यावरची. चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकात होती आणि त्यातली तीस वर्षं ही बाई ती शिकवत होती. मुली तिला पाठीमागे 'मात्राबाई' म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. वर्गात शिरली की ती टेबलावर बोटानं ठेका धरायची. ऱ्हस्व अक्षराची मात्रा एक, दीर्घाच्या दोन, जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व जोर घेतं म्हणून त्याच्याही दोन. एका ओळीत आठ आणि आठ, सोळा मात्रा. याला पादाकुलक म्हणायचं, लिहून घ्या. मग कविता सुरू व्हायची:

डोंगरमाथी जन्मे पाणी
दगडांशी ते गाते गाणी

आणि बारा ओळींनी संपायची:

डोहा मिळता सपाट रानी
थांबे पाणी तृप्त मनानी

मोजून घ्या, सोळाच भरतात. या कवितेवर तिनं इतक्या वेळा बोट आपटलं होतं की तिला ती ऐकूच येईनाशी झाली होती. ओठांनी कविता म्हणायची आणि मनात घरी भाजी कुठली आहे ते आठवायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत, पाट्या टाकणं म्हणतात. हेही तिला ठाऊक होतं.

पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती आणि मंडळानं तिला सदस्य करून घेतलं होतं. काम क्षुल्लक होतं. प्रत्येक कविता कवीच्या मूळ संग्रहाशी ताडून पाहायची आणि "ताडून पाहिले" अशा छापील चिठ्ठीवर सही करायची. आधीच्या सदस्यांनी घरबसल्या सह्या ठोकल्या होत्या. तिच्यापुढेही सचिवबाईंनी पेन धरलं होतं. "करून टाका हो. चाळीस वर्षांत पाणी काय उलटं वाहायला लागलंय?"

तिनं सही केली नाही. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. सचिवबाईंनी पेनाचं टोपण दातांत धरलं होतं आणि तेच ओलं पेन हातात घ्यायची तिला किळस आली, एवढंच. "उद्या बघते," असं म्हणून ती निघाली. आता म्हटलंच आहे तर बघू, म्हणून दुसऱ्या दिवशी जुन्या ग्रंथालयात गेली.

ग्रंथपालानं तळघराचं कुलूप उघडलं आणि स्वतः दारातच उभा राहिला. "मी आत येत नाही, मला शिंका येतात," म्हणाला. आत ओल होती. कपाटांच्या मागच्या फळ्या फुगल्या होत्या, पुस्तकांच्या पाठी एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि ओढून काढलं की कागदाबरोबर झुरळांची अंडी खाली पडत. तिनं नाकाला रुमाल लावला. ज्यांची पुस्तकं हजारो पोरांना घोकायला लावतो त्यांना आपण ठेवतो कुठे, तर इथे. कवीचा एकुलता एक संग्रह शेवटच्या फळीवर सापडला. पातळसा होता. कवी टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचा आणि हा एक संग्रह काढून वारला, एवढंच पाठ्यपुस्तकात त्याच्याबद्दल लिहिलेलं असे.

पान एकतीस. तिनं सवयीनं मांडीवर ठेका धरला आणि वाचत गेली. अकरा ओळी ठीक होत्या. बाराव्या ओळीवर बोट अर्ध्यातच अडखळलं.

डोहा मिळता सपाट रानी
थांबे पाणी

पुढे टिंबांची एक रांग होती आणि मग कोरा कागद. आठच मात्रा. तिला आधी वाटलं, कसर लागलीय. पान उजेडाकडे धरलं. कागद शाबूत होता. मग वाटलं, छापखान्यातल्या जुळाऱ्याकडून शब्द गळाले असतील, म्हणून तर टिंबं दिलीत. तिनं सगळं पुस्तक चाळलं, तेव्हा शेवटी शुद्धिपत्र निघालं. बोटभर कागदाची चिकटवलेली पट्टी आणि तिच्यावर एकच दुरुस्ती.

"पृष्ठ ३१, शेवटची ओळ : टिंबे काढावीत. ओळ अपुरी नाही. तेवढीच आहे."

तळघरात ती खाली फरशीवरच बसली. साडीला ओल लागतेय हे कळत होतं. मग तिनं पुस्तकाचं पहिलं पान काढलं, जे कुणीच कधी वाचत नाही. अर्पणपत्रिका होती. "धाकट्या बहिणीस, जी डोहावर पाणी आणायला गेली." याखाली काही नव्हतं. हेही वाक्य तेवढंच होतं.

पान एकतीस पुन्हा उघडलं. मधल्या दोन ओळी होत्या, ज्यांच्यावर दरवर्षी दोन गुणांचा अलंकार विचारला जायचा:

खडकामागे लपते, हसते
वळणावरती फिरुनी दिसते

पाण्यावर मानवी भावनांचा आरोप केला आहे, असं उत्तर तिनं तीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. आता तिला त्या ओळींत पाणी दिसेचना. खडकामागे लपणारी पोर दिसत होती. पोर डोहापाशी पोचली आणि कवितेचा श्वास अर्ध्या ओळीत थांबला. एका भावानं तो तिथेच थांबवून ठेवला होता. आणि त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, तृप्त मनानी.

कुणी लिहिलं, हा प्रश्न तिला फार वेळ पडला नाही. 

तिचे वडील पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या मंडळावर होते. कवितांची छपाईसाठीची प्रत त्यांनीच स्वतःच्या टपोऱ्या अक्षरांत लिहून काढली होती आणि ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगत. शिवाय त्यांना यमकं जुळवायची हौस होती. कुणाचं लग्न असो, कुणाची निवृत्ती असो, बाबांच्या चार ओळी तयार. सहकारी निवृत्त झाला की "विश्रांती घ्या तृप्त मनानी". शेजाऱ्यानं घर बांधलं की तेच. मात्रा कमी पडल्या की बाबा खिशातून काढल्यासारखे हे दोन शब्द काढत, कारण ते बरोब्बर आठ भरतात आणि कुठेही बसतात. तिच्या स्वतःच्या लग्नपत्रिकेवर छापलेलं होतं, "नांदा दोघे तृप्त मनानी". ते लग्न तीन वर्षं टिकलं. ती परत बाबांकडे आली तेव्हा उरलेल्या पत्रिकांची पाठ ते कच्च्या कामाला वापरत होते.

घरी पोचली तेव्हा बाबा खिडकीपाशी चहात बिस्किट बुडवत बसले होते. शहाऐंशी वर्षं वय, कान अर्धे गेलेले, पण बुद्धी लख्ख. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा जुना काळा कोट वाळत घातला होता. पुढच्या महिन्यात नव्या आवृत्तीचं प्रकाशन होतं आणि पहिल्या मंडळातले हयात असलेले एकमेव सदस्य म्हणून त्यांना व्यासपीठावर बोलावलं होतं. तिथे ते हीच कविता म्हणून दाखवणार होते. रोज सकाळी दाढी करताना तालीम चालायची.

तिनं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी नाक मुरडलं. "कुठनं आणलंस हे? वास मारतंय."

"पान एकतीस बघा."

ते बघायची त्यांना गरज नव्हती. त्यांनी पुस्तकाला हातही लावला नाही आणि तिला कळायचं ते कळलं. बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात गळून पडला. त्यांनी तो चमच्यानं शोधला, बाहेर काढला आणि खाल्ला.

"तुम्ही भर घातलीत."

"पुरी केली," बाबा म्हणाले. "भर घालणं वेगळं."

"शुद्धिपत्र होतं बाबा. मागे चिकटवलेलं."

"शुद्धिपत्र कोण वाचतं?"

"तुम्ही वाचलं होतंत का?"

बाबांनी मिशीवरचा चहा पुसला. "वाचलं होतं."

तिला वाटलं होतं ते नाकबूल करतील आणि मग तिला ओरडता येईल. आता कशावर ओरडायचं ते कळेना. बाबा मात्र मास्तरकीवर आले.

"हे बघ. मंडळात पाच जण होते. त्यांतल्या चौघांना कवितेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोटांवर सोळा मोजता येत होतं. म्हणाले, ही सदोष आहे, मुलांना काय शिकवायचं? काढून टाका. मला कविता आवडली होती. मला एकट्यालाच आवडली होती. मग मी प्रत करताना ओळ भरून काढली आणि सांगितलं, छपाईची चूक होती, दुरुस्त झाली. बसली पुस्तकात. मी ती भरली नसती तर आज तुझ्या त्या टपालवाल्याचं नावही कुणाला माहीत नसतं. आणि 'रानी'ला 'पाणी' हे यमक तरी धड होतं का? 'मनानी' कसं फक्कड बसतं."

"त्याला कळलं असेल ना? कवीला?"

"आला होता इथे." बाबांनी कप खाली ठेवला. "दारातच उभा राहिला. तुझ्या आईनं पाणी दिलं तर घेतलं नाही. ओळ तेवढीच आहे, म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत बघू. परत आला, परत म्हटलं. तिसऱ्यांदा आला नाही. वारला, असं नंतर कळलं."

"का तेवढीच आहे, ते विचारलं नाहीत?"

"त्यात विचारायचं काय? आठ मात्रा कमी होत्या."

तिनं पुस्तकाचं पहिलं पान उघडून त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. अर्पणपत्रिका त्यांनी कधी पाहिली नव्हती हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. एखाद्याचं दुःख तुडवून जायचं आणि ते होतं कुणाचं हे चाळीस वर्षांनी वाचायचं, तेही चहाबरोबर. आपल्याच बापाची एवढी किळस येऊ शकते हे तिला नवीन होतं.

चष्मा खाली करून ते म्हणाले, "मी आहे तोवर राहू दे. एवढा एक कार्यक्रम होऊ दे. मग काय करायचंय ते कर." आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्याकडे काही मागत होते, आणि मागताना खुर्चीच्या पाठीवरच्या कोटाकडे बघत होते.

त्या कोटानं तिचा दोन दिवस पिच्छा पुरवला. सही केली तर बाबा व्यासपीठावर उभे राहतील, टाळ्या घेतील, आणि पुढची दहा वर्षं पोरं त्या बुडालेल्या मुलीवर तृप्तीचे चार-चार गुण मिळवतील. नाही केली तर शहाऐंशी वर्षांच्या माणसाचं एकुलतं एक कर्तृत्व त्याच्या पोटच्या पोरीनं चव्हाट्यावर मांडलं असं होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं स्वतःला बजावून पाहिलं. पण मुठीत काय आहे ते तिला माहीत झालं होतं आणि त्याला वास येत होता.

बैठकीच्या दिवशी तिनं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं. लांब टेबल, पंखा, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. बाबांचं नाव न घेता तिनं सगळं सांगितलं. जुन्या प्रतीत कुणीतरी भर घातली आहे, मूळ ओळ अशी आहे, शुद्धिपत्र असं आहे, अर्पणपत्रिका अशी आहे. शेवटचं तिनं पुस्तक समोर धरून वाचलं.

पुस्तक टेबलाभोवती फिरलं. मग एक सदस्य हळहळले, "अरेरे." आणि लगेच त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं.

अध्यक्ष सज्जन माणूस होते, म्हणजे कुणालाही दुखावत नसत आणि कुणाच्याही उपयोगी पडत नसत. ते म्हणाले, "बाई, तुमचं बरोबरच आहे. पण व्यवहार बघा. मुलं मात्रा मोजणार. शेवटच्या ओळीत आठ आल्या तर गुण कसे द्यायचे? पालक कोर्टात जातात आजकाल."

"प्रश्न बदला. ओळ अर्ध्यातच का थांबली, असं विचारा."

"आणि त्याचं उत्तर काय लिहायचं?" सचिवबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "म्हणजे नमुना उत्तरात? मुद्दे पाडता यायला हवेत ना. बहीण बुडाली, दोन गुण, असं कसं लिहिणार?"

कुणीतरी हसलं. तिनं कोण ते बघितलं नाही. बघितलं असतं तर उठून गेली असती.

"त्यापेक्षा असं करू," अध्यक्षांनी दोन्ही हात टेबलावर पसरले. "एक तर आहे तशी राहू दे, चाळीस वर्षं काही बिघडलं नाही. नाहीतर ही काढून दुसरी घेऊ. सूर्योदयावरची एक आहे, चौदाच्या चौदा ओळी निर्दोष. तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

छापील चिठ्ठी तिच्यापुढे सरकली. पेन तेच, टोपणावर दातांचे ठसे.

हेच टेबल असणार, तिच्या मनात आलं. चाळीस वर्षांपूर्वी इथेच कुठेतरी बाबा बसले असतील, कविता आवडलेले एकटे, आणि त्यांच्यापुढेही हेच दोन रस्ते ठेवले असतील. भरून घ्या नाहीतर काढून टाका. तिला बाबांचं एकदम समजलं. अगदी आतपर्यंत समजलं. आणि समजलं म्हणून किळस कमी होईल असं जे वाटत होतं ते झालं नाही. ती वाढली, कारण आता तिचा हातही पेनाच्या दिशेनं थोडा गेला होता.

"काढून टाका," ती म्हणाली.

सचिवबाईंनी यादीतल्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली. रेघ सरळ आली. मग सगळ्यांनी सूर्योदयाचं पान उघडलं आणि अध्यक्षांनी स्वतः बोटांवर मोजून दाखवलं की ती खरंच निर्दोष आहे.

घरी आली तेव्हा दुपार उतरत होती. बाबांनी कोटाला इस्त्री करून घेतली होती. तो खुंटीला होता आणि ते त्याच्याखाली बसले होते.

"काय झालं?"

"काढली."

"ओळ?"

"कविता."

बाबांनी मान हलवली. तिला वाटलं चिडतील, निदान एवढं तरी म्हणतील की बघ, मी वाचवली होती आणि तू मारलीस.   पण ते खुर्चीत थोडे सरसावून बसले, व्यासपीठावर बसावं तसे, आणि त्यांनी कविता म्हणायला सुरुवात केली.

आवाज चिरका झाला होता, पण ठेका पक्का होता. डोंगरमाथी जन्मे पाणी. ती पदराला हात पुसत दारातच उभी राहिली. खडकामागे लपते, हसते, इथे ते जरा थांबले आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग वळणावरची ओळ हळू म्हटली. तीस वर्षांत ही कविता कुणी अशी म्हटलेली तिनं ऐकली नव्हती, आणि स्वतः तर कधीच म्हटली नव्हती. तिचं बोट आपसूक चौकटीवर पडू लागलं. आठ आणि आठ, आठ आणि आठ.

"डोहा मिळता सपाट रानी," बाबा म्हणाले. "थांबे पाणी."

आणि ते थांबले. तोंड मिटून घेतलं.  कविता जिथे संपते तिथे ती चाळीस वर्षांनी पहिल्यांदाच संपली होती, आणि ते बाबांनी केलं होतं.

चौकटीवर तिचं बोट मात्र चालूच होतं. पाच, सहा, सात, आठ.

"तृप्त मनानी," ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबला, तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत ना जिंकल्याचा आनंद होता ना राग.

"मलाही राहवलं नव्हतं," ते म्हणाले.